उसना देह आणि स्वतःचा आवाज : 'टॉकिंग हेड्स'च्या चित्रफिती व मराठी दृश्यगीते यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

गाणे ही ऐकण्याची गोष्ट आहे, ही समजूत गेल्या चार दशकांत मागे पडली आहे. आजचा विद्यार्थी गाणे 'पाहतो'. बोलतानाही तो 'ते गाणे पाहिले का?' असेच विचारतो. असे असूनही मराठी समीक्षेने म्युझिक व्हिडिओ या प्रकाराकडे फारसे गांभीर्याने पाहिलेले नाही. चित्रपटगीतांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, भावगीतांवरही लिहिले गेले. परंतु चार-पाच मिनिटांच्या स्वतंत्र चित्रफितीला जाहिरातीचा एक प्रकार समजून बाजूला ठेवण्यात आले. प्रस्तुत लेखात या प्रकाराचा एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने विचार केला आहे. तो प्रश्न असा : चित्रफितीत जेव्हा एखादा कलावंत दुसऱ्या समाजाचे विधी, हावभाव किंवा सूर वापरतो, तेव्हा ज्यांच्याकडून ते घेतले त्या माणसांना चौकटीत कोणते स्थान मिळते?

या प्रश्नासाठी तीन उदाहरणे निवडली आहेत. पहिले उदाहरण न्यूयॉर्कमधील 'टॉकिंग हेड्स' या न्यू वेव्ह बँडच्या चित्रफितींचे, दुसरे २००२ मधील 'ऐका दाजीबा' या मराठी पॉप गीताचे आणि तिसरे मुंबईच्या 'स्वदेशी' या बहुभाषिक रॅप समूहाच्या 'द वारली रिव्होल्ट' या चित्रफितीचे आहे. ही उदाहरणे एकमेकांपासून दूरची वाटतील. न्यू वेव्ह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताची मराठीत स्वतंत्र परंपरा नाही, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. तथापि, उसन्या देहाचा आणि उसन्या आवाजाचा प्रश्न मराठी साहित्याला नवा नाही. चोखामेळा आणि एकनाथ यांच्या 'जोहार' रचनांमध्ये तो कित्येक शतकांपूर्वी उभा राहिलेला आहे. म्हणून या तिन्ही उदाहरणांकडे आपल्या परंपरेच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१. न्यू वेव्ह आणि चित्रफितीचा उदय

१९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूयॉर्कमधील 'सीबीजीबी' या लहानशा क्लबमध्ये पंक संगीताचा जोर होता. त्याच ठिकाणी १९७५ मध्ये 'टॉकिंग हेड्स'ने आपला पहिला कार्यक्रम सादर केला. डेव्हिड बर्न, ख्रिस फ्रँट्झ आणि टीना वेमाउथ हे तिघे ऱ्होड आयलंड येथील कलाशिक्षण संस्थेत शिकलेले. जेरी हॅरिसन १९७७ मध्ये त्यांना येऊन मिळाले. पंक संगीतातील उघड रागापेक्षा या मंडळींच्या संगीतात अस्वस्थता अधिक होती. त्यांचे कपडे कार्यालयात जाणाऱ्या कारकुनासारखे साधे असत. पंकची मोडतोड आणि कलाशाळेतील विचारशीलता यांच्या मिश्रणातून जे संगीत तयार झाले, त्याला पुढे न्यू वेव्ह हे नाव रूढ झाले.

हे संगीतकार दृश्यकलेकडून संगीताकडे आले होते आणि चित्रफीत या प्रकाराच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरली. ओहायो राज्यातील 'डिव्हो' या बँडनेही १९७६ मध्येच चक स्टॅटलर यांच्या दिग्दर्शनाखाली एक लघुपट तयार केला होता. तेव्हा गाण्याच्या चित्रफिती सातत्याने दाखवणारी वाहिनी अस्तित्वात नव्हती. १ ऑगस्ट १९८१ रोजी 'एमटीव्ही' सुरू झाली, तेव्हा पहिली चित्रफीत दाखवली गेली ती 'द बगल्स' या ब्रिटिश न्यू वेव्ह जोडीची. वाहिनीला दिवसभर पुरेल एवढा माल हवा होता आणि तो तयार असलेल्यांमध्ये न्यू वेव्ह बँडची संख्या मोठी होती. अशा रीतीने एका छोट्या कलावर्तुळाची दृश्यभाषा घराघरांत पोहोचली.

या वाहिनीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. प्रारंभीच्या काळात तिच्यावर कृष्णवर्णीय कलावंत अभावानेच दिसत. १९८३ मध्ये डेव्हिड बोवी यांनी एमटीव्हीलाच दिलेल्या मुलाखतीत याचा जाब विचारला होता. ज्या संगीताचा मोठा भाग आफ्रिकी-अमेरिकी परंपरेवर उभा आहे, त्या संगीताच्या वाहिनीवर त्या परंपरेचे वारस दिसू नयेत, ही विसंगती पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२. 'वन्स इन अ लाइफटाइम' : अंगात आलेला मध्यमवर्गीय

'टॉकिंग हेड्स'चा 'रिमेन इन लाइट' हा अल्बम ऑक्टोबर १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रायन इनो हे त्याचे निर्माते होते. नायजेरियातील फेला कुटी यांच्या अफ्रोबीट संगीताचा त्यावर उघड प्रभाव आहे. याच अल्बममधील 'वन्स इन अ लाइफटाइम' या गाण्याची चित्रफीत टोनी बेसिल आणि डेव्हिड बर्न यांनी दिग्दर्शित केली. बेसिल या नृत्यदिग्दर्शिका होत्या आणि रस्त्यावरच्या नृत्यशैलींशी त्यांचा जवळचा संबंध होता. या चित्रफितीसाठी दोघांनी लॉस एंजेलिसमधील विद्यापीठांच्या संग्रहांत जाऊन जगभरच्या धार्मिक विधींचे माहितीपट पाहिले. चर्चमध्ये भान हरपलेली माणसे, आफ्रिकी विधी, जपानी पंथ, दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक यांचे हावभाव बर्न यांनी त्यांतून उचलले.

चित्रफितीत दिसते ते थोडक्यात असे : एक रिकामी पांढरी जागा, सूट, बो-टाय आणि चष्मा घातलेला, घामाने निथळणारा एक माणूस, तो झटके देत मागे-पुढे होतो, कपाळावर हात मारतो, उलट्या हाताने बाहूवर कापल्यासारखी क्रिया करतो. त्याच्या मागे कधी त्याच्याच अनेक प्रतिमा एकाच वेळी तीच हालचाल करतात, तर कधी प्रत्यक्ष विधींची दृश्ये उमटतात. गाण्याचा आशय असा की, एका माणसाला एक दिवस आपले घर, गाडी आणि जोडीदार यांच्याकडे पाहून प्रश्न पडतो की, आपण इथवर आलो कसे? शेवटी चष्मा नसलेला, गळ्याशी मोकळा पांढरा सदरा घातलेला बर्न काळ्या पार्श्वभूमीवर शांतपणे दिसतो.

मराठवाड्यातील प्रेक्षकाला या चित्रफितीतील देह अनोळखी वाटत नाही. माहूर किंवा तुळजापूरच्या वाटेवर, गावोगावच्या जत्रांत आपण अंगात येणे पाहिलेले असते. मान हलते, श्वास जड होतो, शब्द तुटक होतात आणि त्या देहावर त्या देहाच्या मालकाचे नियंत्रण उरत नाही. ज्याच्या अंगात येते त्याला आपल्याकडे 'झाड' म्हणण्याची रीत आहे. म्हणजे माणूस बोलत नाही. त्याच्यावर उतरलेले दैवत बोलते. त्या वेळी भोवतीची माणसे प्रश्न विचारतात, कौल मागतात, हळद-कुंकू वाहतात. अंगात येणे ही एकट्याची घटना नसते. तिला गर्दी लागते आणि तिच्यातून उत्तर मिळावे अशी अपेक्षा असते.

बर्न यांच्या चित्रफितीत झटके आहेत, परंतु दैवत नाही; प्रश्न आहे, परंतु कौल नाही; आणि भोवती कोणीही नाही. हा फरक चित्रफितीच्या अर्थाचा गाभा आहे. घर, गाडी, संसार या मालमत्तेनेच या माणसाला झपाटले आहे. तो मालक असल्याचे त्याला वाटते, प्रत्यक्षात त्या वस्तूंनीच त्याच्या देहाचा ताबा घेतला आहे. सूट-टाय घातलेल्या माणसाच्या अंगात आल्याचे दाखवून बर्न यांनी आधुनिक मध्यमवर्गीय जीवनाचे विधिस्वरूप उघड केले. ज्याला आपण सुसंस्कृत आणि विवेकी जगणे म्हणतो, तेही पुनरावृत्तीने अंगवळणी पडलेले एक कर्मकांड आहे, हा या चित्रफितीचा उपरोध होय. त्या दृष्टीने ती आजही ताजी वाटते. नोकरी, गृहकर्ज आणि पदोन्नती यांच्या चक्रातील आपल्या प्राध्यापकवर्गालाही तिच्यात स्वतःचे काही दिसल्यास नवल नाही.

३. ऋणनिर्देश आणि चौकट

या यशाबरोबर एक अडचण येते. चित्रफितीत मागे दिसणारी विधी करणारी माणसे कोण आहेत, हे प्रेक्षकाला कळत नाही. त्यांना नाव नाही, गाव नाही, आवाज नाही. त्यांच्या हालचाली बर्न यांच्या देहात आल्यावर अर्थपूर्ण होतात. त्यांच्या स्वतःच्या देहात त्या केवळ पार्श्वभूमी राहतात. विधीचा मूळ अर्थ, त्यामागची वेदना किंवा श्रद्धा, कौल मागणारा समाज यांपैकी काहीच पुढे येत नाही.

यावर असे म्हणता येईल की, चार मिनिटांच्या चित्रफितीकडून संदर्भसूचीची अपेक्षा करणे अवास्तव आहे. परंतु गंमत अशी की, संदर्भसूची खरोखरच होती. 'रिमेन इन लाइट' प्रसिद्ध झाला तेव्हा पत्रकारांना पाठवलेल्या माहितीपत्रासोबत बर्न यांनी वाचनसूची जोडली होती आणि तीत जॉन मिलर चेर्नॉफ यांच्या आफ्रिकी तालविषयक ग्रंथाचा समावेश होता. म्हणजे ऋणाची जाणीव प्रामाणिक होती. ती लिखित पत्रकात व्यक्त झाली आणि लाखोंनी पाहिलेल्या चौकटीत मात्र तिला जागा मिळाली नाही. ऋणनिर्देश अभ्यासकांसाठी आणि प्रतिमा जनतेसाठी, अशी ही विभागणी आहे. विद्यापीठीय लेखनात आपणही अनेकदा असेच करतो : माहिती देणाऱ्या व्यक्तीचे आभार प्रस्तावनेत मानतो आणि ग्रंथाच्या मुख्य भागात तिला 'निवेदक क्रमांक तीन' करून टाकतो.

या मुद्द्याला एक प्रतिउदाहरणही आहे. जोनाथन डेमी यांनी दिग्दर्शित केलेला 'स्टॉप मेकिंग सेन्स' हा १९८४ चा मैफलपट डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस नाट्यगृहात चित्रित झाला. त्यात बर्न प्रथम एकटे येतात. मग प्रत्येक गाण्यागणिक एकेक वादक रंगमंचावर दाखल होतो. बर्नी वॉरेल, अलेक्स वीअर, स्टीव्ह स्केल्स, लिन मेब्री, एडना होल्ट हे कृष्णवर्णीय कलावंत येथे पार्श्वभूमी नाहीत. ते घाम गाळतात, हसतात, बर्न यांच्या बरोबरीने धावतात, आणि संगीत कोणाच्या हातांतून घडते आहे हे प्रेक्षकाला दिसते. मात्र याही चित्रपटात 'वन्स इन अ लाइफटाइम'च्या वेळी कॅमेरा दीर्घकाळ बर्न यांच्यावरच खिळून राहतो. गाणे बदलले नाही, म्हणून चौकटही फारशी बदलली नाही, असे म्हणावे लागते.

१९८८ मधील 'नथिंग बट फ्लॉवर्स' या गाण्यात बँडने एक वेगळी युक्ती केली. कारखाने, रस्ते आणि बाजारसंकुले नाहीशी होऊन सर्वत्र शेते आणि फुले पसरली आहेत, आणि गाण्यातील निवेदक या नंदनवनाला कंटाळून जुन्या सोयींसाठी झुरतो आहे, अशी ती कल्पना आहे. आलेखकार टिबोर कालमन यांच्या सहकार्याने केलेल्या चित्रफितीत अक्षरे वादकांच्या चेहऱ्यांवर आणि भोवती उमटतात. येथे उसना विधी नाही. बँड स्वतःच्याच समाजाची थट्टा करतो. या गाण्यातील उपरोध पुढे आरेच्या संदर्भात पुन्हा आठवावा लागेल.

४. 'जोहार' : उसन्या आवाजाची मराठी परंपरा

दुसऱ्याच्या देहात शिरून बोलण्याची कला मराठीत संत एकनाथांनी परमोच्च पातळीवर नेली. पैठणच्या या ब्राह्मण संताने (१५३३-१५९९) आपल्या भारुडांतून वासुदेव, गोंधळी, जोशी, गारुडी, फकीर, सासुरवाशीण आणि महार यांच्या तोंडून अध्यात्म सांगितले. रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लोकसंस्कृतीच्या ज्या उपासकांचा मागोवा घेतला, त्यांपैकी अनेकजण एकनाथांच्या भारुडांत बोलताना आढळतात. भारूड हे केवळ वाचण्याचे काव्य नव्हे. त्याचे सोंग उभे राहते, वेष होतो, हावभाव होतात. या अर्थाने भारूड हा आपला दृश्यगीताचा जुना अवतार मानता येईल.

एकनाथांच्या 'जोहार' रचनांमध्ये गावकामगार महार धन्याला जोहार घालून बोलतो. त्यामागची करुणा आणि धैर्य कमी लेखण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकात उच्चवर्णीय कवीने प्रथमपुरुषी एकवचनात महाराचा आवाज काढणे ही सामाजिकदृष्ट्या मोठी घटना होती. एकनाथांनी अस्पृश्याच्या घरी भोजन केल्याची आख्यायिका लोकमानसाने जपली आहे. घेतलेल्या आवाजाची किंमत एकनाथांनी स्वतःच्या प्रतिष्ठेने चुकवली, असे ही आख्यायिका सुचवते.

तथापि, एकनाथांच्या सुमारे दोन शतके आधी चोखामेळ्याने जोहार घातला होता, आणि तो जोहार उसना नव्हता. चोखामेळ्याला सोंग घेण्याची गरज नव्हती. वेष उतरवून घरी जाण्याची सोयही नव्हती. दोघांच्या शब्दकळेत साम्य असले तरी बोलणाऱ्याची स्थिती मुळातून भिन्न आहे. एकनाथांचा जोहार संपतो तेव्हा कवी पुन्हा एकनाथ होतो. चोखामेळ्याचा जोहार संपल्यावरही तो देवळाच्या बाहेरच उभा असतो. काव्यगुणांची तुलना करून हा फरक मिटवता येत नाही, आणि एकनाथांचा थोरपणा सांगूनही तो पुसला जात नाही.

या भेदातून चित्रफितींच्या समीक्षेसाठी एक साधी कसोटी मिळते. सोंग घेणाऱ्याला आपण तीन प्रश्न विचारू शकतो. ज्याचे सोंग घेतले तो कोठे आहे? त्याचे नाव उच्चारले गेले का? आणि सोंग उतरल्यावर दोघांच्या स्थितीत काय फरक उरतो?

५. 'ऐका दाजीबा' : आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

भारतात 'चॅनल व्ही' आणि 'एमटीव्ही' या वाहिन्या १९९० च्या दशकात स्थिरावल्या. १९९५ मधील अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' या चित्रफितीने चित्रपटबाह्य हिंदी गाण्याला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. मराठीला त्या पडद्यावर जागा मिळवून देणारे ठळक गाणे म्हणजे २००२ मधील 'ऐका दाजीबा'. संगीत अवधूत गुप्ते यांचे आणि आवाज वैशाली सामंत यांचा. चित्रफितीत इशिता अरुण आणि मिलिंद गुणाजी हे कलावंत दिसतात.

या गाण्याचे ऐतिहासिक महत्त्व मान्य केले पाहिजे. मराठी शब्द ऐकून अमराठी तरुण नाचू लागले, याचा त्या काळी मराठी श्रोत्यांना आनंद झाला होता आणि तो स्वाभाविक होता. मराठी म्हणजे भावगीत, नाट्यगीत किंवा लावणी, या चाकोरीबाहेर मराठी शब्द जाऊ शकतात हे त्यातून सिद्ध झाले. वैशाली सामंत यांच्या आवाजातील ठसका हे या यशाचे प्रमुख कारण होय.

परंतु आपल्या कसोटीवर हे गाणे घासून पाहिले, तर एक वेगळी रचना दिसते. येथे मराठी आवाज आणि पडद्यावरचा चेहरा वेगवेगळे आहेत. चित्रपटातील पार्श्वगायनाची आपल्याला एवढी सवय आहे की, हे विलगीकरण आपल्या लक्षातही येत नाही. 'टॉकिंग हेड्स'च्या चित्रफितीत गाणाऱ्याचाच देह आहे, हावभाव मात्र परके आहेत. 'ऐका दाजीबा'त बोली आणि ठसका आपला आहे, पण त्याला दिलेला देह चित्रवाहिनीच्या सौंदर्यकल्पनेतून निवडलेला आहे. ग्रामीण संबोधनाचा गोडवा ऐकू यावा आणि दिसावे ते सर्वांना मान्य होईल असे रूप, ही बाजारपेठेची अट होती. ती अट कोणा एका कलावंताने घातली नव्हती, त्यामुळे तिचा दोष कोणा एका कलावंताकडे जात नाही. परंतु मराठी गाण्याने राष्ट्रीय पडद्यावर प्रवेश केला तो अशा तडजोडीने, हे नोंदवणे समीक्षेचे काम आहे.

६. 'द वारली रिव्होल्ट' : नाव असलेला सोबती

'स्वदेशी' हा समूह २०१३ च्या सुमारास मुंबईत आकारास आला. मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत रॅप करणारे तरुण त्यात एकत्र आले. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर त्यांनी कर्नाटक संगीतातील तालाच्या बोलांवर आधारित प्रयोग केले आणि २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटातील 'इंडिया ९१' या गाण्यातून त्यांचे आवाज देशभर पोहोचले. समूहातील गुजराती रॅपर धर्मेश परमार यांचे मार्च २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी निधन झाले.

'द वारली रिव्होल्ट' हे त्यांचे मराठी गाणे आरे येथील आदिवासींच्या प्रश्नावर आहे. शीर्षकात १९४५ ते १९४७ या काळात ठाणे जिल्ह्यात झालेल्या वारली उठावाची स्मृती आहे. वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्धच्या त्या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात नोंदवली असून त्यास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीच्या प्राध्यापकांना हे पुस्तक परिचित आहे. त्या उठावाचा धागा रॅपर तरुणांनी पकडावा, ही मराठी वाङ्मयीन परंपरेच्या दृष्टीनेही लक्षणीय बाब आहे.

या गाण्यात आरेतील केलटीपाडा येथील आदिवासी कार्यकर्ते व कलावंत प्रकाश भोईर स्वतः गातात आणि गाण्याच्या श्रेयातच त्यांचे नाव आहे. येथे आपल्या कसोटीतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतात. ज्यांच्याविषयी गाणे आहे त्यांच्यातील एकजण चौकटीत आहे आणि त्याचे नाव उच्चारले गेले आहे. 'वन्स इन अ लाइफटाइम'च्या पार्श्वभूमीवरील निनावी माणसांशी तुलना केली, म्हणजे या साध्या गोष्टीचे मोल कळते.

वारल्यांच्या बाबतीत हे मोल अधिक आहे, कारण त्यांच्या प्रतिमा वारल्यांशिवाय वापरण्याची सवय आपल्याला जडली आहे. वारली चित्रकला ही मूळची लग्नविधीतील. भिंतीवरचा चौक सुवासिनी काढत आणि धवलेरी लग्नाची गाणी म्हणत असे. १९७० च्या दशकापासून ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांच्या कामाने तिला जगभर मान मिळवून दिला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. त्याच काळात त्या पांढऱ्या आकृती पिशव्या, चादरी, उपाहारगृहांच्या भिंती आणि शासकीय इमारतींच्या कुंपणांवर पसरल्या. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेली माणसे सर्वांना ओळखीची झाली. त्या माणसांचा जमिनीचा प्रश्न मात्र ओळखीचा झाला नाही. चित्र घेतले, चित्रातील माणूस सोडून दिला, असा हा व्यवहार आहे.

या पार्श्वभूमीवर 'स्वदेशी'चे काम स्वागतार्ह आहे. तरीही ते टीकेच्या पलीकडचे नाही. दोन आक्षेप घेता येतात. पहिला आक्षेप 'फीचरिंग' या पद्धतीवर आहे. संगीताच्या बाजारात गाणे एकाचे असते आणि दुसरा त्यात पाहुणा असतो. आरेच्या भूमीवरील गाण्यात आरेचा रहिवासी पाहुणा ठरतो, हे या व्यवस्थेचे वैगुण्य होय. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे जमिनीवर एक आणि श्रेयनामावलीत दुसरे, अशी ही स्थिती आहे. दुसरा आक्षेप असा की, जंगलाचा राखणदार ही आदिवासींची प्रतिमा सहानुभूतीची असली तरी अपुरी आहे. आरेतील माणूस नोकरी करतो, शाळेत जातो, शिधापत्रिकेसाठी रांगेत उभा राहतो. त्याला केवळ झाडांच्या सोबतीने पाहिले, तर तोही निसर्गदृश्याचा भाग होण्याचा धोका राहतो. गाण्याच्या शीर्षकातील 'रिव्होल्ट' हा शब्द या धोक्यापासून काही प्रमाणात वाचवतो, कारण उठाव माणसे करतात, निसर्गदृश्य करत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वास्तवाने दिले. मेट्रो-३ च्या कारशेडविरोधातील याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा २०२० मधील निर्णय २०२२ मध्ये फिरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते बीकेसी हा मेट्रोचा टप्पा सुरू झाला. महानगराला सार्वजनिक वाहतूक हवी, यात शंका नाही. प्रश्न तिची किंमत कोणी मोजायची हा आहे. 'नथिंग बट फ्लॉवर्स'मधील निवेदक रस्त्यांवाचून झुरतो, तेव्हा आपण हसतो, कारण तेथे फुलांचा विजय ही कल्पना आहे. आरेमध्ये तो विनोद करता येत नाही. उपरोध ही ज्याचे घर सुरक्षित आहे त्याला परवडणारी शैली असते. ज्याचे घर जाणार आहे त्याला सरळ बोलावे लागते. न्यू वेव्हची वक्रोक्ती आणि 'स्वदेशी'चा थेटपणा यांतील फरक अभिरुचीचा कमी आणि स्थितीचा अधिक आहे.

७. आपल्या भागातील प्रश्न

वसमतसारख्या तालुक्याच्या ठिकाणी हा सर्व विचार कशासाठी, अशी शंका येऊ शकते. त्याचे उत्तर आपल्या वर्गात आहे. आज विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीत कॅमेरा आहे, संकलनाची सोय आहे आणि प्रसारणाचे साधनही आहे. युवक महोत्सवात भारूड, गोंधळ, पोवाडा सादर होतात. त्यांच्या चित्रफिती तयार होतात. पोतराजाचा कोरडा, मुरळीची घोळ, गोंधळ्याची संबळ हे सर्व कॅमेऱ्याला मोहक दिसते. अशा वेळी पोतराजाचे सोंग घेणारा विद्यार्थी एका घरातून आलेला असतो आणि ज्याच्या आजोबांनी पोटासाठी तो कोरडा अंगावर ओढला, तो विद्यार्थी त्याच प्रेक्षागृहात बसलेला असतो. पहिल्याला टाळ्या आणि प्रमाणपत्र मिळते. दुसऱ्याला काय मिळते, हा प्रश्न परीक्षकांच्या गुणपत्रिकेत नसतो.

याचा अर्थ सोंग घेऊच नये असा नाही. तसे झाले तर एकनाथ वगळावे लागतील, आणि कला ही प्रत्येकाच्या जन्मापुरती मर्यादित होईल. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची शक्ती हेच वाङ्मयाचे बळ आहे. अपेक्षा एवढीच आहे की, सोंग घेताना ज्याचे सोंग आहे त्याला चौकटीत बोलवावे, त्याचे नाव सांगावे, आणि शक्य तेथे यजमानपद त्याच्याकडे द्यावे. महाविद्यालयाने गोंधळाची चित्रफीत करायची ठरवली, तर मार्गदर्शक म्हणून परिसरातील गोंधळ्याला मानधन देऊन पाचारण करणे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव प्रथम घालणे, हे कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य नाही.

निष्कर्ष

१) 'टॉकिंग हेड्स'च्या 'वन्स इन अ लाइफटाइम' या चित्रफितीने विधींचे हावभाव उसने घेऊन मध्यमवर्गीय जीवनाचे कर्मकांडी रूप प्रभावीपणे उघड केले, मात्र ज्यांच्याकडून ते हावभाव घेतले ती माणसे निनावी राहिली.

२) ऋणाची जाणीव असणे आणि ती चौकटीत दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. माहितीपत्रातील वाचनसूची पहिल्या गोष्टीचा पुरावा देते. दुसरीची उणीव भरून काढत नाही.

३) 'ऐका दाजीबा'ने मराठी आवाजाला राष्ट्रीय पडदा मिळवून दिला, त्यासाठी आवाज आणि चेहरा यांची फारकत स्वीकारावी लागली.

४) 'द वारली रिव्होल्ट'मध्ये ज्यांचा प्रश्न त्यांच्यातील गायक नावानिशी सहभागी आहे. पाहुणा आणि यजमान यांचे नाते मात्र अद्याप उलटे आहे.

५) चोखामेळा आणि एकनाथ यांच्या 'जोहार' रचनांतील स्थितिभेद हा आधुनिक दृश्यगीतांच्या समीक्षेसाठी उपयुक्त असा मराठी निकष ठरू शकतो.

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानले गेलेले नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम कोसळून चोखामेळ्याचा मृत्यू झाला, तेव्हा नामदेवांनी त्याच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्याची समाधी बांधली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. नामदेवांनी चोख्याचे सोंग घेतले नाही. त्यांनी त्याच्यासाठी जागा मिळवली. ती जागा देवळाच्या आत नव्हती, हेही खरे, परंतु तिच्यावर चोख्याचे नाव होते आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते ओलांडून जाता येत नव्हते. कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना चित्रफितीच्या चौकटीविषयी काही शिकवायचे झाल्यास, त्याची सुरुवात या समाधीपासून करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते.